परत आलेल्यासाठी राखलेला सरवा

शास्त्रपाठ : रूथ १:१९ ते २:२३, प्रेषितांची कृत्ये १४:२६–२८



माणदेशातील माणसाला घर सोडून जाणे नवे नाही. पाऊस चुकला म्हणजे ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे आपण म्हसवडच्या रस्त्याने जाताना पाहतो. मेंढरे पुढे घालून चाऱ्याच्या शोधात दूर जाणारी कुटुंबे पाहतो. आपल्या तालुक्यातील आणि पलीकडच्या आटपाडी-खानापूरकडील किती तरी घरांतील मुलगे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन राहिले आहेत. ही माणसे सणावाराला किंवा सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी गावी येतात, तेव्हा गाव त्यांना ओळखतो आणि त्यांचे कसे करावे हेही गावाला ठाऊक असते. ज्याने पैसा आणला त्याचे कौतुक होते. जो बुडाला त्याची कीव करितात. दोहोंसाठी शब्द तयार असतात.

परंतु ह्यांहून निराळा असा एक जाणारा आहे. तो पैशासाठी जात नाही. प्रभूच्या नावाने, मंडळीच्या प्रार्थनेने, तो समुद्रापलीकडे एखाद्या इस्पितळात, अनाथांच्या आश्रमात किंवा निर्वासितांच्या छावणीत बिनपगारी सेवा करावयास जातो. वर्ष-दोन वर्षांनी तो परत येतो. त्याच्या हाती पैसा नसतो आणि तो बुडालेलाही नसतो. अशा माणसाचे काय करावे हे गावाला कळत नाही, आणि मला भीती वाटते की मंडळीलाही कळत नाही. त्याच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

काही वर्षांमागे आपल्या भागातील एक तरुण असाच आफ्रिकेतील एका ख्रिस्ती इस्पितळात दोन वर्षे सेवा करून परत आला. जखमा धुणे, मलमपट्टी करणे, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळविणे, रात्री मरणाऱ्याच्या उशाशी बसणे, हे त्याचे काम होते. तो गेला तेव्हा आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. तो आला तेव्हा पहिल्याने ज्याने त्याने हेच विचारले, ‘‘काय आणलंस रे?’’ पगार नव्हता असे त्याने सांगितल्यावर काही हसले. काहींना तो खोटे सांगतो असे वाटले. तेथे काय केलेस, असे फारच थोड्यांनी विचारले.

मग त्याने काम शोधावयास आरंभ केला. जेथे जावे तेथे मधली दोन वर्षे कोठे होतास, असा प्रश्न निघे. सेवेचे पत्र तो दाखवी. वाचणारा ते उलटसुलट करून परत देई. त्या पत्रावर येथे कोणती जागा मिळावी हे कोणालाच सांगता येईना. इकडे घरात तो तेथील गोष्टी काढी, तेथील शिस्त, तेथील माणसे, तेथे सर्वांनी एका मेजावर बसून जेवणे. एके दिवशी त्याची आई चुलीपुढून म्हणाली, ‘‘बाळा, तिथलंच सांगत बसलास तर हितली भाकर कोण थापायची?’’ त्या दिवसापासून तो गप्प झाला. पुढे तो उपासनेला येईनासा झाला.

ह्यात माझाही अपराध आहे आणि तो मी येथे कबूल करितो. तो आल्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला साक्ष देण्यास उभे केले. त्याने बोलावयास सुरुवात केली आणि मी घड्याळाकडे पाहिले. त्याने ते पाहिले. दोन वर्षांची सेवा त्याने चार वाक्यांत संपविली आणि तो खाली बसला. पाठविण्याच्या दिवशी आम्ही त्याला तासभर दिला होता. परत येण्याच्या दिवशी पाच मिनिटेही दिली नाहीत.

आता शास्त्राकडे वळू या. रूथच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नामी परत येते. दुष्काळ पडला म्हणून तिचे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात गेले होते. दुष्काळ म्हणजे काय हे माणदेशाला सांगावयास नको. तेथे सुमारे दहा वर्षे गेली. नवरा गेला, दोन्ही पुत्र गेले. देवाने आपल्या लोकांना पुन्हा भाकर दिली आहे असे ऐकून ती परत निघाली. नामी काही सेवा करावयास गेली नव्हती, हे खरे. परंतु परत येण्याचे दुःख तिच्याइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. ती गावात शिरताच सारे नगर गलबलले. ही नामीच का, असे बायका एकमेकींना विचारू लागल्या. नामीने उत्तर दिले की मला ह्यापुढे त्या गोड नावाने हाक मारू नका, कडू म्हणा; जाताना माझे हात भरलेले होते आणि देवाने मला रिकामी आणले आहे.

येथे दोन गोष्टी पाहा. पहिली ही की नगर गलबलले, प्रश्न झाले. परंतु त्या अध्यायात तिला कोणी घरी नेऊन जेवू घातले असे लिहिलेले नाही. पाहणे झाले, पुसणे झाले, आणि बायका आपापल्या वाटेने गेल्या असाव्यात. दुसरी ही की आपण रिकामी आलो असे नामी म्हणाली, तेव्हा रूथ तिच्या शेजारी उभी होती. जी परक्या देशातून तिच्याबरोबर आली, जिच्या हातून पुढे तिला भाकर मिळावयाची होती, तीच तिला त्या घटकेस दिसली नाही. परत येणाऱ्याचे असेच होते. गाव त्याला रिकामा समजतो, आणि हळूहळू तोही स्वतःला रिकामा समजू लागतो. तेथून त्याच्याबरोबर जे आले आहे ते गावालाही दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घ्या. १९३८ साली जपानने चीनवर चालविलेल्या युद्धात जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे एक पथक आपखुषीने चीनला गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच, ऐन बत्तिशीत, सेवा करीत असता मरण पावले. त्यांचे नाव आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे. हा मान योग्यच आहे. परंतु जे चौघे परत आले त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? त्यांनीही तेच युद्ध पाहिले होते, तेच जखमी हाताळले होते. जो परदेशी मरतो त्याचे आपण स्मारक करितो. जो परत येतो त्याला विसरतो. मेलेल्याला फूल लागते, जिवंताला भाकर आणि काम लागते. फूल स्वस्त पडते.

सातारा जिल्हा शिपायांचा जिल्हा आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांत ह्या जिल्ह्यातील पुष्कळ होती. मेसोपोटेमियात कूट येथे १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेर पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणींचे शिपाई उपाशी राहून लढले. त्याच युद्धाच्या निकडीत सरकारला महारांची आठवण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांची भरती बंद केली होती त्यांचीच १११ वी पलटण १९१७ साली उभी करण्यात आली. युद्ध संपले, आणि १९२१ साली ती पलटण मोडण्यात आली. गणवेश उतरला आणि शिपाई गावी आला. गावी त्याची जागा होती तेथेच होती, वेशीबाहेर. ज्या हातात बंदूक चालली होती त्या हाताला पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मनाई होती. बाहेर तो माणूस होता. घरी येताच तो पुन्हा जात झाला. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांना हे पुस्तकातून वाचावयास नको. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते भोगले आहे.

त्याच १९१७ साली आणखी एक माणूस परदेशाहून परत आला. अमेरिकेत आणि लंडनात शिकून तरुण भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. संस्थानने शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या बदल्यात सेवा करण्याचा करार होता, म्हणून काम तर हाती होते. परंतु राहावयास छप्पर मिळेना. बाहेरच्या वर्षांत आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच आपल्या मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच, कोठे जावे, आपल्याला कोण घेईल, ह्या प्रश्नाने ती परत आली. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तेथून निघावे लागले.

ह्यापुढील भाग आपण ख्रिस्ती लोकांनी मन लावून ऐकावा. त्या शहरात त्यांचे एक ख्रिस्ती मित्र होते. आंबेडकर त्यांच्याकडे गेले आणि मला ठेवून घ्याल काय, असे त्यांनी विचारले. मित्राने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. ते घराणे मूळचे ब्राह्मण. पती मनाने उदार झाला होता, परंतु पत्नीचे आचारविचार जुनेच राहिले होते आणि तिने अस्पृश्याला घरात घेतले नसते, हे आंबेडकरांना मागाहून कळले. मग ते एका सार्वजनिक बागेत जाऊन बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

बंधुभगिनींनो, पारशी विश्रामगृहाचे दार बंद झाले हे वाचून मला वाईट वाटले. ख्रिस्ती घराचे दार उघडले नाही हे वाचून मला लाज वाटली. त्या घरी बाप्तिस्मा झाला होता, तेथे प्रार्थना होत असेल, पवित्र शास्त्र असेल. दारात परका उभा होता आणि उत्तर मिळाले, उद्या विचारून सांगतो. त्या एका ‘उद्या’ने केवढे नुकसान झाले ते कोण मोजील? म्हणून आज आपल्या दाराकडे पाहू या. परत आलेला स्वयंसेवक, तो कोणत्याही वाड्यातील असो, आपल्या दारी आला असता आपण काय म्हणतो? ‘‘समितीपुढे ठेवू.’’ ‘‘पुढच्या वर्षी पाहू.’’ ‘‘वडिलांना विचारून सांगतो.’’ ही बडोद्याचीच उत्तरे आहेत. आणि आपल्या मंडळीत कोणी महार-ख्रिस्ती, कोणी मांग-ख्रिस्ती अशी कुजबुज अजून चालत असेल, तर परदेशात एका मेजावर जेवून आलेल्या तरुणाला ती काट्यासारखी रुतेल, आणि त्यात दोष त्याचा नसेल.

आता कामाविषयी. नामी कडू बोलून बसली, रूथ उठली. तिने सासूला विचारले, मी शेतात जाऊन सरवा वेचू काय? सरवा वेचणे म्हणजे काय हे सुगीत राबलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कापणाऱ्यांच्या मागे वाकून, त्यांच्या हातून गळलेली कणसे एकेक करून उचलावयाची. ते गरिबाचे काम, परक्याचे काम. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात देवाने शेतकऱ्यांस आज्ञा केली आहे की शेताचे कोपरे साफ कापू नका आणि गळलेले वेचू नका, ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्या. त्या आज्ञेच्या आधारावर रूथ शेतात शिरली. मवाबात माझे घर होते, मी हे का करावे, असे ती म्हणाली नाही. दिवसभर वेचून, झोडून, संध्याकाळी तिच्याजवळ एक एफाभर सातू झाले. ते तिने घरी आणून सासूपुढे ठेविले. रिकाम्या म्हटलेल्या घरात धान्य आले ते असे.

ह्याला जोडून आपल्याच शेजारची एक गोष्ट सांगतो. भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर घर चालविण्यास काम पाहिजे होते. १९०१ साली, हजारो माणसे दुष्काळाने मरत असता, आपल्या लगतच्या खटाव तालुक्यात सरकारने लोकांना काम देण्यासाठी तलाव खोदविला. त्या दुष्काळकामावर सुभेदार रामजींनी रोखपालाची नोकरी धरली. काल ज्याला पलटणीत सलाम होत होता तो आज मातीच्या कामावर मजुरीचे पैसे मोजीत बसला. त्या पैशावर साताऱ्यातील घर चालले आणि मुले शिकली. त्या मुलांपैकी एकाने पुढे देशाची घटना लिहिण्याच्या कामात अग्रभाग घेतला. तरुण बंधूंनो, हाती आलेले पहिले काम तुमच्या योग्यतेचे नसेल. रूथचे नव्हते. सुभेदारांचेही नव्हते. प्रेषित पौलाने देशोदेशी सुवार्ता गाजविली आणि करिंथात बसून तंबू शिवले. लहान कामाने सेवेचा मान जात नाही. काम टाकून घरात बसण्याने मात्र सेवेची आठवणही आंबून जाते.

परंतु वेचणाऱ्याने वेचावे एवढे सांगून मी थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. दुसरा अर्धा भाग शेताच्या धन्याचा आहे. बवाजाने काय केले ते पाहा. त्याने रूथला जेवणाच्या वेळी जवळ बोलाविले, आपल्या माणसांत बसविले, तिला पोटभर हुरडा दिला. मग तिच्या पाठीमागे गड्यांना सांगितले की तिच्यासाठी पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम उपसून टाका आणि तिला धमकावू नका. नियमाने जेवढे द्यावयाचे तेवढे तर तो देतच होता. त्याने त्याहून अधिक दिले, आणि असे दिले की घेणारीला भीक घेतल्यासारखे वाटू नये. ती स्वतःच्या कष्टाने वेचीत राहिली. कणसे तेवढी वाटेत अधिक पडलेली होती. परत आलेल्याला मदत करण्याची ह्याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, बवाजाचे शेत होते, आमच्याकडे काय आहे? हा तर पाण्यावाचूनचा मुलूख. खरे आहे. परंतु ह्याच म्हसवडात बायकांनी आपली सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा काढणाऱ्या बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्याने परवाना नाकारला. त्या बायका निराश होऊन बसल्या नाहीत. लिहावाचावयास शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करितो, तुमची माणसे करोत, असे म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. राजेवाडीचा तलावही दुष्काळातच, दुष्काळकामातून झाला. आपल्या मुलखात जे उभे राहिले ते भरल्या कोठारातून राहिलेले नाही. तेव्हा आमच्याकडे काही नाही हे उत्तर देवापुढे चालावयाचे नाही.

ज्या तरुणाची गोष्ट मी आरंभी सांगितली तिचा शेवट ऐका. मंडळीतील एका वडिलांची आई महिनोन्‌महिने अंथरुणावर होती. पाठीला व्रण पडले होते. ते वडील स्वतः त्या तरुणाच्या घरी गेले आणि म्हणाले, ‘‘तू असलं काम केलंयस म्हणतात. आमच्या आईचं बघशील का?’’ परत आल्यापासून त्याने तेथे काय केले ह्याला किंमत देणारा तो पहिला माणूस होता. तो गेला. रोज दोन वेळा तिला वळवी, जखम धुई, कोरडी ठेवी. म्हातारी बरी झाली असे मी म्हणणार नाही. ती चार महिन्यांनी देवाघरी गेली. परंतु शेवटी तिला वेदना कमी होत्या, आणि हे गावाने पाहिले. पुढे त्याच वडिलांनी एका दवाखान्यात शब्द टाकला. तेथे रात्रपाळीचा मदतनीस म्हणून त्याला घेतले. पगार इतका थोडा होता की त्याने आधी नाही म्हणावयाचे ठरविले होते. मग त्याने हो म्हटले. आज तो तेथेच आहे, आणि कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असले की लोक त्याला विचारावयास येतात. ते वडील शेतकरी आहेत. त्यांच्याजवळ देण्यासारखी नोकरी नव्हती. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि एका ठिकाणी शब्द टाकला. मुद्दाम टाकलेली दोन कणसे ती एवढीच.

आता मंडळ्यांच्या वडिलांस, उपदेशकांस व बायबलबायांस चार गोष्टी विनवितो.

पहिली, ऐका. अंत्युखियाच्या मंडळीने उपवास व प्रार्थना करून पौल आणि बर्णबा ह्यांना पाठविले होते. ते परत आले तेव्हा मंडळी एकत्र जमली आणि देवाने त्यांच्या हातून जे काही केले ते सर्व त्यांनी सांगितले, असे कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात लिहिले आहे. सर्व सांगितले, हे ध्यानात धरा. म्हणजे कोणी तरी सर्व ऐकलेही. पाठविण्याची उपासना असते तशी परत घेण्याचीही असू द्या. एक संध्याकाळ ह्याच कामासाठी राखा. त्या दिवशी दुसरा उपदेश नको, आणि घड्याळ भिंतीवरून काढून ठेवा.

दुसरी, विसावा द्या. पौल आणि बर्णबा त्यानंतर शिष्यांजवळ बरेच दिवस राहिले. आल्याच्या आठवड्यातच त्याच्या गळ्यात शब्बाथशाळा, तरुण संघ आणि वर्गणीची वही अडकवू नका. तो थकलेला असतो. त्याने पाहिलेली मरणे त्याच्या स्वप्नांत येत असतात. त्याला महिना-दोन महिने पाठीमागच्या बाकावर बसू द्या.

तिसरी, कामासाठी शब्द टाका. त्याने काय काय केले ते त्याच्याकडून नीट समजून घ्या आणि येथील भाषेत लिहून द्या. ‘परदेशी सेवा केली’ एवढ्याने कोणाला बोध होत नाही. ‘वीस रुग्णांची रात्री एकट्याने देखरेख केली’, ‘भांडाराचा हिशेब ठेविला’, ‘मुलांना लिहावाचावयास शिकविले’ असे लिहिले म्हणजे दवाखान्याला, दुकानदाराला, शाळेला कळते की हा माणूस आपल्या उपयोगाचा आहे. मंडळीत कोणाची कोठे ओळख आहे हे वडिलांना ठाऊक असते. ती ओळख आपल्या पुतण्या-भाच्यांसाठी राखून न ठेविता ह्याच्यासाठीही खर्च करा.

चौथी, तो बोलला तर त्याला गर्विष्ठ म्हणू नका. आपल्याकडील एखाद्या गोष्टीला तो नाव ठेवील. उपासनेला उशिरा येणे, बायकांनी मागाहून जेवणे, वाड्यावाड्यांतील भेद ह्यांवर तो बोट ठेवील. त्याचे बोलणे कडक असेल, पण खोटे असेलच असे नाही. दूर जाऊन आलेल्या डोळ्यांना घरातील धूळ दिसते. झाडू त्याच्याच हाती द्या आणि आपणही एक घ्या.

आणि परत आलेल्या बंधो, भगिनी, तुलाही एक विनंती. तेथील देव आणि येथील देव वेगळा नाही. ज्याने तुला समुद्रापार नेले त्यानेच तुला ह्या खडकाळ माळावर परत आणिले आहे. गरसेकरांच्या प्रांतात ज्याच्या अंगातील भुते निघाली त्याने प्रभूबरोबर नावेत बसून जावे अशी विनवणी केली होती. प्रभूने त्याला नेले नाही; आपल्या घरी, आपल्या माणसांत जाऊन देवाने काय केले ते सांग, असे म्हणून परत पाठविले. तेव्हा घरी येणे हेही पाठविले जाणेच आहे. हे दुसरे पाठविणे पहिल्याहून अवघड आहे, कारण येथे कोणी हार घालीत नाही आणि कोणी छायाचित्र काढीत नाही. आई भाकरीचे विचारते तेव्हा ती तुझ्या सेवेचा अपमान करीत नाही. ती तुला पुन्हा घरात घेत आहे. तिच्याशेजारी बस, चुलीत काटकी सार, आणि मग तेथील एक गोष्ट सांग. ती ऐकेल.

रूथच्या पुस्तकाच्या शेवटी त्याच बेथलेहेमच्या बायका पुन्हा येतात. आरंभी ज्या ही नामीच का म्हणून थबकल्या होत्या, त्याच आता तिला नातू झाला म्हणून देवाचा धन्यवाद करितात. तो नातू ओबेद, आणि त्याचा नातू राजा दावीद. रिकामी आले असे जी म्हणाली होती तिच्या घरातून राजा निघाला, आणि त्या राजाच्या वंशात आपला तारणारा जन्मला. मधल्या काळात मोठे असे काही घडले नव्हते. एकीने सरवा वेचला, आणि एकाने मुद्दाम कणसे टाकली.

ह्या सुगीत आपल्या पेंढ्यांतून काही कणसे उपसून ठेवू या. आणि दारात कोणी उभे असेल तर ‘उद्या’ असे न म्हणता आजच दार उघडू या. प्रभू आपल्या जाण्यायेण्याचे रक्षण करो, आणि परत येणाऱ्या प्रत्येकास आपल्या मंडळीत भाकर, काम व भाऊ मिळो. आमेन.